केसपेपरवरचा एक रकाना

पाळीव कुत्रा शहरातल्या घरात चार वाटांनी येतो. पहिली वाट ब्रीडरची, म्हणजे ठरावीक जातीची पैदास करणाऱ्याची. दुसरी दुकानदाराची किंवा दलालाची. अलीकडे हा दलाल बहुतेक वेळा मोबाइलवरच्या जाहिरातीतूनच भेटतो. तिसरी वाट प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेची किंवा एखाद्या कार्यकर्त्याची. चौथी थेट गल्लीची: पावसात गाडीखाली कुडकुडणारं पिल्लू मुलं उचलून घरी आणतात ती. घरात चर्चा होते तेव्हा मात्र या चार वाटांचा एकच प्रश्न होतो, विकत घ्यायचा की दत्तक? बोलणाऱ्यांचे दोन पक्षही लगेच पडतात. एकाला जातिवंत कुत्र्याचा भरवसा वाटतो, दुसऱ्याला जीव विकत घेणंच पटत नाही.

पशुवैद्यकाच्या दवाखान्यात काम करणाऱ्यांना हा प्रश्न उशिरा भेटतो. तोवर कुत्रा घरी आलेला असतो. नव्या कुत्र्याचा केसपेपर काढताना नाव, वय, जात, नर की मादी, कोणत्या लशी झाल्या हे लिहून घेतात आणि त्याच ओघात विचारतात, ‘कुठून आणला?’ उत्तरं साधारण ठरलेली असतात. ‘मित्राच्या ओळखीतून.’ ‘एकाने घरपोच दिला.’ ‘ऑनलाइन बघितला होता.’ त्यांचा नंबर आहे का, असं विचारल्यावर फोनमध्ये शोधाशोध सुरू होते. नंबर सापडतो, लावला जातो आणि वाजून वाजून बंद होतो. ज्या केसपेपरवर उचलला जाणारा नंबर असतो, त्या कुत्र्याचं पुढे काही बिघडलं तरी मार्ग निघतो. पुण्यासारख्या शहरातल्या दवाखान्यातली काही वर्षं एवढं नक्की शिकवतात: कुत्रा विकतचा आहे की दत्तक, यापेक्षा तो देणारा माणूस नंतरही त्याची जबाबदारी घेतो का, यावर कुत्र्याची पुढची बारा-तेरा वर्षं अधिक अवलंबून असतात.

न उचललेल्या फोनचं सगळ्यात वाईट रूप पार्व्हो हा आजार झालेल्या पिल्लात दिसतं. रविवारी घेतलेलं पिल्लू गुरुवारी-शुक्रवारी दवाखान्यात येतं. टॉवेलमध्ये गुंडाळलेलं, डोळे आत गेलेले, हिरड्या पांढुरक्या. टॉवेल उलगडला की रक्तमिश्रित जुलाबाचा वास खोलीभर पसरतो आणि बाहेर लशीसाठी बसलेल्या पिल्लांना आधी लांब न्यावं लागतं. पुढच्या पायाची शीर जाड दोऱ्याएवढीच असते. अंगातलं पाणी गेल्यामुळे तीही दबलेली, म्हणून सलाईनची सुई दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात लागते. सोबतच्या कार्डावर लशीचा शिक्का असतो, पण डॉक्टरांची सही नसते, नोंदणी क्रमांक नसतो आणि बाटलीवरचं लेबलही चिकटवलेलं नसतं. वयाच्या जागी ‘45 दिवस’ लिहिलेलं असतं. तोंड उघडून बघितलं तर मागच्या दुधाच्या दाढा अजून वर आलेल्या नसतात, म्हणजे पिल्लू जेमतेम महिन्याचं. घरच्यांनी चार दिवसांत त्याचं नाव ठेवलेलं असतं, त्याच्यासाठी गादी आणलेली असते. लहान मुलगी कोपऱ्यात उभी राहून सलाईनचे थेंब मोजत असते.

या आजाराचा हिशेब सरळ आहे. पार्व्होचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात. त्यामुळे घेतल्यापासून चार-पाच दिवसांत आजारी पडलेलं पिल्लू बहुधा आजार सोबत घेऊनच आलेलं असतं. हा विषाणू विष्ठेतून पसरतो, जमिनीवर कित्येक महिने टिकतो आणि नेहमीच्या फिनाईलला दाद देत नाही; त्यासाठी पातळ केलेलं ब्लीच लागतं. वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा केलेली पिल्लं एकाच पिंजऱ्यात ठेवली, एकाच गाडीतून आणली की एक आजारी पिल्लू सगळ्यांना पुरतं. बचावासाठी त्यांच्याकडे असतं ते आईचं दूध. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसाच्या चिकातून आईची प्रतिकारशक्ती पिल्लाला मिळते आणि पुढच्या काही आठवड्यांत ती ओसरत जाते. ती कोणत्या पिल्लात कधी संपेल हे सांगता येत नाही, म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू केलेली लस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत पुन्हा द्यावी लागते. एका शिक्क्यावर ‘सगळी लस झाली आहे’ असं कुणी सांगत असेल तर ते खरं नसतं.

महिन्याच्या पिल्लाचं दुसरं नुकसान रक्ताच्या तपासणीत दिसत नाही. ते सहा-आठ महिन्यांनी दिसतं. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या मनाची घडण करणारा असतो. या काळात भावंडांशी दंगा करताना जोरात चावलं की समोरचं पिल्लू ओरडतं आणि खेळ थांबतो. दातांवर ताबा ठेवायला पिल्लू इथे शिकतं. आई वाजवीपेक्षा लगट करणाऱ्याला गुरकावून बाजूला करते. थांबायचं कधी, हे तिथे कळतं. चौथ्या आठवड्यात आईपासून तोडलेलं पिल्लू हे धडे न घेताच घरी येतं. मग ‘आमचा कुत्रा खेळताना फार जोरात चावतो’, ‘एकटा ठेवला की दार कुरतडतो’ अशा तक्रारी घेऊन तेच कुटुंब पुन्हा दवाखान्यात येतं.

कायद्याने यावर उत्तर दिलेलं आहे. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली 2017 मध्ये केंद्र सरकारने कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम केले. त्यांनुसार ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. पिल्लाच्या कातडीखाली मायक्रोचिप बसवलेली असावी लागते. मादी 18 महिन्यांची झाल्याशिवाय तिच्यावर पैदास करता येत नाही. 12 महिन्यांत एकच वेत, आयुष्यात जास्तीत जास्त पाच वेतं, आणि आठ वर्षांनंतर एकही नाही. प्रत्येक कुत्र्याच्या आरोग्याची आणि विक्रीची नोंद ठेवणं बंधनकारक आहे. जे ‘45 दिवसांचं पिल्लू’ म्हणून विकलं जातं ते सांगितलेलं वय खरं धरलं तरी आठ आठवड्यांचं, म्हणजे 56 दिवसांचं झालेलं नसतं. घेणाऱ्याने एवढी एक वजाबाकी केली तरी बरेच विक्रेते पहिल्याच फोनवर गळतात.

जबाबदार ब्रीडर ओळखण्याची सुरुवात आईपासून होते. ‘पिल्लाची आई बघायची आहे’ म्हटल्यावर जो घरी बोलावतो, आई जिथे व्याली ती जागा दाखवतो, तो पहिल्या चाळणीतून पार झाला. वेगळ्या ठिकाणी, रस्त्यात किंवा पार्किंगमध्ये पिल्लू आणून देणारा झाला नाही. आई बघताना तिची तब्येत बघायची. दूध पाजून पाजून थोडी उतरलेली असणं स्वाभाविक आहे. पण सड लोंबलेले, केस गळालेले, पाठीचा कणा हाताला लागतो आणि माणूस जवळ आला की ती भिंतीला चिकटते, तर तिच्यावर वेतामागून वेत लादलेलं आहे हे समजावं. आईचा स्वभाव भित्रा असेल तर पिल्लं तो रक्तातून आणि सहवासातून, दोन्हींकडून घेतात. बाप दुसऱ्या गावचा असू शकतो, पण त्याची माहिती, फोटो आणि तपासण्यांचे कागद असले पाहिजेत.

‘पेपर’ हा शब्द या व्यवहारात फार फिरतो. पेपरवाल्या पिल्लाची किंमत जास्त, बिनपेपरच्याची कमी. केनेल क्लब ऑफ इंडियाचं प्रमाणपत्र वंशावळ सांगतं: आईबाप, आजीआजोबा, पणजोबा कोण हे त्यावर लिहिलेलं असतं. जातीच्या शुद्धतेसाठी आणि सख्ख्या नात्यातली जोडी लावलेली नाही ना हे तपासण्यासाठी त्याचा उपयोग होतो. पण त्या कागदावरून कुत्र्याचे सांधे, हृदय किंवा डोळे निरोगी आहेत हे कळत नाही. त्यासाठी वेगळ्या तपासण्या लागतात आणि त्या आईबापाच्या करायच्या असतात.

लॅब्रडॉर आणि जर्मन शेफर्ड या जातींमधला खुब्याचा आजार हे याचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण आहे. आठ-नऊ महिन्यांचा लॅब्रडॉर दवाखान्यात येतो. तक्रार असते की तो हल्ली जिना चढत नाही. मोकळ्या जागेत त्याला चालवून बघितलं की धावताना तो मागचे दोन्ही पाय एकदम उचलतो, सशासारखा. उठताना आधी पुढचा भाग उचलतो, मग मागचा ओढून घेतो. भूल देऊन एक्स-रे काढला की खुब्याच्या वाटीत मांडीच्या हाडाचा गोळा नीट बसलेला दिसत नाही. या आजारात अनेक जनुकांचा हात असतो. वाढत्या वयातलं जास्तीचं वजन आणि घसरणाऱ्या फरश्या त्यात भर घालतात. म्हणून आईबापाच्या खुब्यांचे एक्स-रे आधी काढून बघणं हा ब्रीडरच्या जबाबदारीचा भाग ठरतो. 1966 मध्ये अमेरिकेत स्थापन झालेली, ओएफए या नावाने ओळखली जाणारी संस्था कुत्र्यांच्या खुब्यांना श्रेणी देते. पक्की श्रेणी 24 महिन्यांच्या वयानंतरच मिळते. कायदा मादीला 18 महिन्यांनंतर परवानगी देतो, पण खुबे तपासून मग पैदास करणारा ब्रीडर दोन वर्षं थांबतो. हे सहा महिने मादीला खाऊपिऊ घालून नुसतं थांबणं परवडतं त्यालाच, ज्याचं लक्ष जातीकडे असतं. डॉबरमनमध्ये हृदयाची, इतर कित्येक जातींत डोळ्यांच्या पडद्याची तपासणी याच हेतूने होते.

असा ब्रीडर एका वेळी एक किंवा दोनच जातींवर काम करतो. सतरा जातींची पिल्लं ‘उपलब्ध’ असणारा माणूस व्यापारी असतो. चांगल्या ब्रीडरकडे पिल्लू तयार नसतं; नाव नोंदवून कधी सहा महिने, कधी वर्ष थांबावं लागतं. तो पिल्लाचा फोटो पाठवण्याआधी घराची माहिती विचारतो. दिवसा घरी कोण असतं, आधी कुत्रा होता का, तो कसा गेला, घर भाड्याचं आहे का, लहान मुलं किती वर्षांची आहेत. पिल्लू देताना खाण्याचं वेळापत्रक, जंतांच्या औषधाच्या तारखा आणि सहीशिक्क्याचं कार्ड देतो. आणि लेखी कबूल करून घेतो की काही कारणाने कुत्रा ठेवता आला नाही तर तो दुसरीकडे न देता परत आणायचा. हे शेवटचं कलम सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या हाताखाली जन्मलेल्या कुत्र्याला म्हातारपणीही जागा द्यायची तयारी असलेला माणूस वर्षाला दहा वेतं काढू शकत नाही, कारण त्याच्याकडे तेवढी जागाच नसते.

ब्रीडरकडून कुत्रा घेण्याचं खरं कारण अंदाज हे आहे. प्रौढ झाल्यावर त्याचं वजन किती असेल, त्याला रोज किती पळायला लागेल, केस किती गळतील, अनोळखी माणसाशी तो साधारण कसा वागेल, हे बऱ्याच अंशी आधी सांगता येतं. मात्र हा अंदाज जात निवडणाऱ्यानेही वापरावा लागतो. 2003 च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागे मागे जाणारा छोटा पग देशभर गाजला आणि पगची मागणी एकदम वाढली. त्याचं चपटं तोंड गोजिरवाणं दिसतं, पण त्याच तोंडामुळे त्याचा श्वास अडतो. कुत्र्याला अंग थंड ठेवायला धापणं हाच मुख्य उपाय असतो आणि पगला नीट धापताच येत नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी फिरवलेला पग जीभ जांभळी पडलेल्या अवस्थेत दवाखान्यात येतो, तेव्हा त्याच्या अंगावर ओले फडके टाकून पंखा लावत असताना मिनिटं मोजावी लागतात. विदर्भात पारा 45 अंशांवर जात असताना दुहेरी केसांची हस्की फ्लॅटमध्ये ठेवणं म्हणजे तिचं सगळं आयुष्य वातानुकूलित खोलीत कोंडणं. जातच हवी असेल तर या मातीतल्या जातीही आहेत. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातला मुधोळ हाउंड आणि त्याचा सख्खा भाऊ म्हणता येईल असा मराठवाडा-सोलापूर भागातला कारवान उन्हाला सरावलेले, काटक आणि निरोगी असतात. पण ते शिकारी कुत्रे आहेत. त्यांना पळायला रान लागतं, आणि मांजर किंवा कोंबडी दिसली की हाक ऐकू येत नाही. वन-बीएचकेत त्यांची उपासमार होते, ती अन्नाची नव्हे.

रेस्क्यू हा शब्द आता मराठीत रुळला आहे, पण त्यात चार वेगळ्या प्रकारचे कुत्रे येतात. रस्त्यावर आईविना सापडलेली पिल्लं. अपघातात पाय गेलेले किंवा आंधळे झालेले, त्यामुळे पुन्हा रस्त्यावर सोडता न येणारे मोठे कुत्रे. माणसांच्या अंगवळणी पडलेले गल्लीतले प्रौढ कुत्रे. आणि कुणीतरी विकत घेऊन, पाळून, मग सोडून दिलेले जातिवंत कुत्रे. यातला शेवटचा प्रकार वाढता आहे. खुबा दुखावलेला लॅब्रडॉर, वेतांच्या कामी येईनाशी झालेली ब्रीडरकडची मादी, मालक परदेशी गेल्यामुळे टोल नाक्यापाशी सोडलेला जर्मन शेफर्ड यांचा रस्त्यावर टिकाव लागत नाही. ते हाडांचा सापळा होऊन सापडतात.

या कामाची परंपरा मुंबईत जुनी आहे. 1832 मध्ये भटके कुत्रे मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला होता. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय 1883 पासून जनावरांवर उपचार करत आलं आहे. कुत्रे मारण्याऐवजी त्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्याच जागी सोडायचं, हे धोरण 2001 च्या नियमांनी देशभर आलं आणि 2023 च्या नियमांनी ते पुढे चालवलं. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच पाडलेली असते. दत्तक घ्यायला निघालेल्याने ही खाच बघावी: तिचा अर्थ असा की एकदा तरी हा कुत्रा डॉक्टरांच्या हाताखालून गेला आहे आणि त्याला रेबीजची लस मिळालेली आहे.

चांगली संस्था कुत्रा लगेच देत नाही, याचा लोकांना राग येतो. फॉर्म भरायचा, घर दाखवायचं, घरमालकाचं किंवा सोसायटीचं म्हणणं विचारायचं, घरातल्या प्रत्येकाने येऊन कुत्र्याला भेटायचं. ‘फुकटचा गावठी कुत्रा देताना एवढ्या चौकशा?’ असं दवाखान्यातही ऐकू येतं. या चौकशांचं कारण संस्थेच्या मागच्या अंगणात असतं: दत्तक जाऊन परत आलेले कुत्रे. दुसऱ्यांदा सोडलेला कुत्रा पहिल्यापेक्षा जास्त मिटतो. म्हणून अनुभवी संस्था कुत्र्याला आधी काही आठवडे एखाद्या घरी फोस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरतं, ठेवतात. त्या घरातून त्याच्याबद्दलची खरी माहिती मिळते: तो मांजराशी कसा आहे, कुकरच्या शिट्टीला घाबरतो का, घरात शी-शू करतो का, एकटा राहतो का.

प्रौढ रेस्क्यू कुत्र्याचे पहिले दिवस दवाखान्याच्या बाकाखाली दिसतात. नवे पालक त्याला तपासणीला आणतात तेव्हा तो वजनकाट्यावर चढत नाही. बाकाखाली शिरतो, पाठ भिंतीला लावतो आणि तोंड दाराकडे करून बसतो. उचललं तर लाकडासारखा ताठ होतो. अशा वेळी डॉक्टरच जमिनीवर बसतात, हात पुढे न करता. तीन महिन्यांनी तोच कुत्रा त्याच दारातून आत येतो, शेपूट मागच्या कमरेसकट हलत असते आणि वजनकाट्यावर आपणहून जाऊन बसतो. रेस्क्यूचं काम करणारे तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा ठोकताळा सांगतात: तीन दिवस भीतीचे, तीन आठवडे घराची रीत कळायचे, तीन महिने घर आपलं वाटायचे. सगळ्यांना तो तंतोतंत लागू होत नाही, पण पहिल्या आठवड्यात निराश झालेल्या कुटुंबाला धीर द्यायला पुरतो. या काळात पाहुणे बोलावू नयेत, पट्टा सुटणार नाही याची दुहेरी खबरदारी घ्यावी, कारण घाबरून पळालेला कुत्रा अनोळखी भागात हाकेला येत नाही.

दत्तक कुत्र्याविषयी ‘देशी आहे, त्याला काही होत नाही’ हा समज चुकीचा आहे. पिढ्यान्‌पिढ्या निसर्गानेच निवड केल्यामुळे इंडी, म्हणजे देशी, कुत्र्यांत जातींचे आनुवंशिक दोष कमी दिसतात, हे खरं. पण गोचीड-ताप, जंत, खरूज, संभोगातून पसरणाऱ्या गाठी हे आजार रस्त्यावर सर्रास असतात. त्यांतले बहुतेक बरे होतात. डिस्टेंपर या आजारातून वाचलेल्या कुत्र्याचा पाय किंवा जबडा आयुष्यभर थरथरत राहू शकतो. गल्लीतून उचललेल्या पिल्लाच्या बाबतीत रेबीजची शक्यता कधीही सोडून द्यायची नसते. ते चावलं किंवा त्याचं नख लागलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. हा आजार एकदा दिसू लागला की वाचवता येत नाही, आणि लसीने तो पूर्ण टाळता येतो. गोव्यात कुत्र्यांचं मोठ्या प्रमाणावर लसीकरण झाल्यावर 2021 मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झालं.

स्वभावाचीही माहिती हवी. इंडी पिल्लू पाच-सहा महिने सगळ्यांचं लाडकं असतं आणि वयात आल्यावर राखणदार होतं. दारावरची बेल, जिन्यातला डिलिव्हरीवाला, दुसऱ्या मजल्यावरची मोलकरीण या सगळ्यांवर ते भुंकू लागतं. पिढ्यान्‌पिढ्या हद्द राखून जगलेल्या कुत्र्याचं ते वागणं असतं. लहानपणापासून चार माणसांत आणि रहदारीत नेऊन ते आवरतं. दुर्लक्ष केलं तर वाढतं. आणि एक गोष्ट दया करणाऱ्यांनीही लक्षात घ्यावी: गल्लीत रुळलेला, नसबंदी झालेला, दोन दुकानदारांचं खाऊन सुखात असलेला सहा वर्षांचा कुत्रा फ्लॅटमध्ये कोंडणं हे त्याच्यावर उपकार नसतात. त्याला तिथेच दरवर्षीची लस मिळत राहणं जास्त उपयोगाचं.

ब्रीडर आणि संस्था या दोन वाटांमधला नैतिक वाद टाळता येत नाही. एवढे कुत्रे घरासाठी थांबलेले असताना आणखी जन्माला का घालायचे, हा प्रश्न रास्त आहे. ज्या घराला विशिष्ट जातीची काही गरज नाही, फक्त सोबत हवी आहे, त्या घराने आधी संस्थेची पायरी चढावी. तिथला दोन-तीन वर्षांचा कुत्रा तर त्याचं अंतिम वजन, स्वभाव आणि सवयी समोर मांडून बसलेला असतो. पण चांगल्या ब्रीडरला वाईट विक्रेत्याच्या रांगेत उभं करण्याने नुकसान होतं. त्याने जन्माला घातलेला कुत्रा संस्थेच्या दारात येत नाही. कलमाप्रमाणे त्याच्याकडे परत जातो. संस्थांचे पिंजरे भरतात ते दोन ठिकाणांहून: नसबंदी न झालेल्या रस्त्यावरच्या माद्या आणि कुणालाही, कधीही, काहीही न विचारता विकणारे. दयेपोटी आजारी पिल्लू ‘तिथून सोडवण्यासाठी’ विकत घेणाराही त्या विक्रेत्याच्या पुढच्या वेताचे पैसे भरत असतो. तशा ठिकाणाची तक्रार प्राणी कल्याण मंडळाकडे किंवा पोलिसांकडे करणं हा पिल्लं सोडवण्याचा खरा मार्ग.

घरासाठी निर्णयाचा क्रम मग असा लागतो. आधी दिवसाचं वेळापत्रक: सकाळी आणि रात्री कुत्र्याला कोण नेणार, तो रोज सलग किती तास एकटा राहणार. दिवसभर घराला कुलूप असेल तर पिल्लू, मग ते कुठलंही असो, आणू नये. तीन-चार तासांनी खाणारं आणि दर दोन तासांनी शू करणारं बाळ असतं ते. प्रौढ कुत्रा चालू शकतो. मग घरातली माणसं: चालताना तोल जाणाऱ्या आजीच्या घरी तीस किलोचा उसळता लॅब्रडॉर नको, चार वर्षांखालच्या मुलाच्या घरी ओरड्याला दचकणारा कुत्रा नको. मग खर्च. कुत्र्याची किंमत किंवा दत्तकाची देणगी एकदाच जाते. अन्न, लशी, गोचिडांचं औषध, गावाला जाताना ठेवण्याची सोय आणि म्हातारपणीचे आजार वर्षानुवर्षं चालतात. एवढं ठरल्यावर जात की इंडी, पिल्लू की प्रौढ, याचं उत्तर बहुतेक घरांत आपोआप समोर येतं आणि मग जायचं कुठे ते कळतं.

जिथे जायचं तिथे विचारण्याचे प्रश्न दोन्हीकडे सारखेच आहेत. याची आई कुठे आहे, किंवा हा कुठे सापडला? आतापर्यंत कोणते आजार झाले, कागद आहेत का? याला कशाची भीती वाटते? आम्हाला जमलं नाही तर काय? पहिल्या तीन प्रश्नांना जबाबदार ब्रीडरही तपशिलाने उत्तर देतो आणि चांगली संस्थाही. चौथ्याला दोघांचं उत्तर शब्दशः एकच असतं: परत आमच्याकडे आणा. आणि दोघेही एखाद्या घराला नाही म्हणतात. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्याकडून काही घेऊ नये, मग त्याच्या दारावर ब्रीडरची पाटी असो की प्राणिमित्राची.

कुत्रा घरी आल्यावर दोन्ही वाटा एक होतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत तपासणी, जंतांचं औषध, राहिलेल्या लशी, तीन महिन्यांचा झाला की रेबीजची लस आणि पुढे डॉक्टर सांगतील तसा तिचा डोस, महापालिकेचा परवाना, पैदास करायची नसेल तर योग्य वयात नसबंदी, मायक्रोचिप असल्यास तिच्यावर नव्या मालकाचं नाव आणि नंबर. केसपेपर भरताना ‘कुठून आणला’ या रकान्यात मग ब्रीडरचं नाव असो की संस्थेचं, त्यापुढे एक नंबर लिहिलेला असतो. पिल्लाला जुलाब सुरू झाले की त्या नंबरवर फोन जातो, पलीकडून कुणी विचारतं, ‘सकाळी काय खाल्लं होतं? बाकीच्या भावंडांना काही नाही, तरी लगेच डॉक्टरांना दाखवा’, आणि डॉक्टरांचं निम्मं काम टेबलावर पिल्लू येण्याआधीच झालेलं असतं.